आप्पांच्या चालींसाठी घेतलेली डिस्क

लॅपटॉपची डिस्क निवडताना मी जेवढ्या लोकांचं ऐकून घेतलं, तेवढ्यांचं नवरा निवडतानाही घेतलं नव्हतं. शाळेच्या स्टाफरूममध्ये विषय काढायची चूक केली आणि गणिताच्या सरांपासून शिपाईमामांपर्यंत सगळे तज्ज्ञ झाले. "मोठीच घ्या मॅडम, मोठी." आमच्या घरातले हे, ज्यांना फोनमधले फोटो कुठं जातात ते अजून कळलेलं नाही, तेही पोळी मोडता मोडता म्हणाले, "एकदाच काय ते मोठं घेऊन टाक, परत परत खर्चा नको." जसं काही कपाटच आणायचंय!

मला मोठं-छोटं काही सुचत नव्हतं. मला घाई होती, आणि ती कशाची आहे हे बोलायला गेले की रडू येईल, म्हणून कोणाला धड सांगतही नव्हते. उलट ज्याच्या त्याच्यावर खेकसत होते. आता सगळं पार पडलंय तर सांगते.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, परतूर तालुक्यात आष्टीला राहतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांची पिठाची गिरणी आणि मागच्या दोन खोल्यांत ते आणि आई. दिवसभर गावाची दळणं दळायची, आणि एकादशीला, सप्त्यात, कोणाच्या घरी बोलावणं आलं तर तिथं, भजनी मंडळात पुढं बसून गायचं. भजनाचे शब्द पुस्तकांत आहेत, कोणालाही मिळतील. चाली मात्र आप्पांच्या स्वतःच्या. गिरणीपाशी उभं राहून, वरून ज्वारी सोडता सोडता लावलेल्या. मंडळातले बाकीचे मागून ओढतात. आप्पा एखाद्या दिवशी नसले तर दुसऱ्या कडव्याला सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. ना आप्पांना स्वर लिहिता येतात, ना मला. चाली सगळ्या त्यांच्या गळ्यात.

आणि गळ्यातच गाठ निघाली.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासण्या बघून सांगितलं, गाठ साधी दिसतेय, जिवाला भीती नाही, पण काढावी लागेल. आवाजाची नस अगदी तिला खेटून जाते. आवाज बदलेल, कदाचित बसेलही. आधी सांगून ठेवलेलं बरं.

आप्पांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "दळण दळता येईल ना पण?"

"येईल की." डॉक्टर हसले.

"मंग काय!"

मंग काय म्हणाले खरे, पण परत येताना बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले. गाडी सुरू झाली की आप्पा गुणगुणायला लागतात, ही माझ्या लहानपणापासूनची गोष्ट. जीप असो, ट्रॅक्टर असो, एसटी असो. कितीदा मला लाज वाटायची, माणसं वळून बघायची. त्या दिवशी गाडी निघाली, गाव मागं पडलं, दुतर्फा कापसाची रानं लागली, तरी आप्पांचे ओठ हलले नाहीत. मी शेजारी बसून ठरवून टाकलं. ऑपरेशनच्या आधी सगळ्या चाली रेकॉर्ड करायच्या. आवाज राहिला तर काय, आपल्याजवळ असलेलं बरं. नाही राहिला तर निदान ते तरी असेल.

सामान माझ्याजवळ होतं. मी जालन्यात एका शाळेत शिकवते आणि पोरांच्या कविता चाली लावून घरीच रेकॉर्ड करायचा मला नाद आहे. एक बरा माईक, तो लॅपटॉपला जोडायची डबी, कानावरचे हेडफोन, सगळं होतं. लॅपटॉप तेवढा जुना. पुढच्याच रविवारी सगळं पिशवीत भरून आष्टी गाठली. पुढं गिरणी चालू होती, मागच्या खोलीत टेबलावर माईक लावला, शेजारी लॅपटॉप ठेवला आणि आप्पांना म्हटलं, चला.

आप्पा काय गायले! डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ताल धरून. मी मनात म्हटलं, झालंच काम. आणि ऐन अंतऱ्यात लॅपटॉप थांबला. पडद्यावर पाटी आली की डिस्क फार हळू आहे.

"काय झालं?"

"थांबलं आप्पा."

"मी कुठं थांबलो? मी बराबर गाऊन राह्यलो, तुझी मशीनच थांबून राह्यली."

परत सुरू केलं. परत थांबलं. आप्पा चिडेनात, उलट मलाच म्हणाले, "दमली असंल बिचारी, पाणी पाज तिला." माझा पारा मात्र चढत चालला होता. जेवढं रेकॉर्ड झालं तेवढं कानाला लावून ऐकलं, तर त्याहून वाईट. आप्पांच्या आवाजाखाली सारखं खर्र... खर्र... खर्र. लॅपटॉपच्या पोटातली फिरती डिस्क, टेबलातून माईकमध्ये उतरलेली. लांबून गिरणीची घरघर वेगळीच. म्हणजे उद्या आप्पांचा आवाज राहिला नाही, तर आम्ही जन्मभर ही खरखर ऐकायची? लॅपटॉप उचलून आडात टाकावासा वाटला.

तर अशी ती डिस्कची घाई.

जालन्याच्या बाजारातल्या दुकानात लॅपटॉप उघडून बघितला तेव्हा दुकानदार आधी हसलाच. "मॅडम, तुम्ही याच्यात स्वयंपाक करता का? आतमधी पीठ हाय." होतंच. पंख्याच्या पात्यांवर पांढरा थर बसला होता. मी म्हटलं, माहेरची गिरणी आहे, हसू नका, डिस्क दाखवा.

त्यानं काचेवर दोन ठेवल्या. एक जडशी, आत तबकडी फिरणारी, माझ्या जुन्या डिस्कची नवी बहीण. दुसरी पापडाच्या पाकिटासारखी हलकी, आत काहीच फिरत नाही. एसएसडी. दुकानदाराचं मन पहिलीवर. "तेवढ्याच भावात हिच्यात कितीतरी पट जागा मिळते. गाणे म्हणता ना? गाण्याला जागा लागते. ती छोटी भरून गेली तर मंग? परत माझ्याकडंच येसाल."

"फिरते ना पण ती?"

"डिस्क हाय मॅडम, फिरणारच."

"चालू करून दाखवा."

त्यानं दुकानातल्या एका लॅपटॉपला जोडून दाखवली आणि मी भर दुकानात तिला कान लावला. मागं गिऱ्हाईक उभं होतं, त्याला वाटलं असेल बाईचं डोकं फिरलंय. नवी होती, म्हणून बारीक होती, पण होतीच ती. खर्र. मग दुसरी जोडायला लावली आणि कान लावला. काही नाही. बिलकुल काही नाही. आणि चालायलाही चपळ.

तरी माझा निर्णय होईना. रेकॉर्डिंग कच्चं ठेवलं तर फार जागा खातं, हे मला माहीत होतं. आप्पांच्या चाली किती असतील, कोणी मोजल्यात? मधेच डिस्क भरली आणि पुन्हा थांबलं तर? दवाखान्याची तारीख ठरलेली, पुन्हा एखादा रविवार हाताशी मिळेलच असं नाही. सगळ्या जगानं मोठी घे म्हणून सांगितलेलं डोक्यात वाजत होतं. शेवटी मी स्वतःलाच विचारलं, बाई, तुला जागा पाहिजे का आप्पांचा आवाज पाहिजे? आणि हलकीवर बोट ठेवलं. दुकानदारानं मान हलवली, पण भला माणूस, जुनी डिस्क एका डबीत बसवून दिली. "रेकॉर्ड नवीवर करा आन त्याच दिवशी हिच्यात कॉपी मारून ठेवा. एकाच जागी कवाच ठेवू नका." ते मात्र मी ऐकलं. पंखाही त्यानं फुंकून साफ करून दिला.

पुढचा रविवार. या वेळी मी ठरवूनच गेले होते की पाखरूसुद्धा हलू द्यायचं नाही. गेल्या गेल्या गिरणी बंद करायला लावली. दारात डबे घेऊन आलेल्या बायांना परत पाठवलं. फ्रिज बंद, पंखा बंद, खिडक्यांना गोधड्या. शेजारच्यांच्या शेळ्या लांब बांधायला लावल्या. पेटीसुद्धा नको म्हटलं, मला नुसता आप्पांचा साफ आवाज पाहिजे होता. लॅपटॉप सुरू केला, तर तो चालू आहे की नाही ते पडद्याकडं बघूनच कळावं इतका गप. मला इतका आनंद झाला! म्हटलं, आप्पा, आता गा.

आप्पांनी घसा साफ केला. सुरुवात केली. आणि पहिल्याच ओळीत घसरले.

परत सुरुवात केली. या वेळी सूर खाली लागला. मग वर गेला. मग मधेच थांबून ठसका. आप्पा, जे झोपेतसुद्धा सुरात बडबडतील अशी आमच्याकडं चेष्टा चालायची, ते एका जागी सूर ठेवू शकत नव्हते. मी हेडफोन घालून बसले होते आणि ते सगळं कानात अगदी स्वच्छ येत होतं. एक खरखर नाही की घरघर नाही. नुसता आप्पांचा हललेला, चाचपडणारा आवाज.

मला वाटलं, गाठीनं आधीच आवाज खाल्ला. उशीर झाला. मागच्या रविवारी होता तो आवाज, आणि मी डिस्कच्या पायी तो घालवला. आणि अशी भीती वाटली की मी जे करते तेच केलं, चिडले. "आप्पा, नीट गा ना! मागच्या वेळी कसं म्हटलं होतं?"

"नीट म्हंजे कसं?" आता आप्पाही तापले. "घरात कोणी मेल्यावानी गप करून ठेवलंय सगळ्यायला! असं कोणी गातं का? मला काही धरायलाच सापडून न्हाई राह्यलं."

"धरायला काय पाहिजे? आयुष्यभर गाताय!"

"मला काय माहीत काय पायजे! न्हाई लागत, न्हाई लागत!" म्हणाले आणि दुसरीकडं तोंड करून बसले. मी बघितलं, तर त्यांचा हात गळ्यावर होता, गाठीवर. त्यांनाही तेच वाटलं होतं जे मला वाटलं होतं. मी हेडफोन काढून ठेवले.

आम्ही असे बसलेलो असताना पुढून आईचा आवाज आला. कोणी बाई डबा घेऊन आली होती, घरात पाहुणे आलेले, पीठ संपलेलं. आईची सकाळपासून चरफड चाललीच होती. "लोकायच्या चुली बंद ठेवता का तुमच्या गाण्यापायी?" ती तिथूनच ओरडली आणि तिनं सरळ खटका ओढला. मोटर उठली, पट्टा सळसळला, जरा वेळ खडखड झाली आणि मग गिरणी लागली एकसारखी, घुंऽऽऽ.

मी उठून आईवर ओरडणार, एवढ्यात पाठीमागं आप्पांनी सूर धरला. तोंड अजून भिंतीकडंच होतं. रागातच, स्वतःशीच, पण धरला, आणि असा धरला की मला पायाखाली जमीन लागल्यासारखं वाटलं. पहिली ओळ, दुसरी ओळ, अंतरा. कुठं हलणं नाही, कुठं चाचपडणं नाही. आवाज होता! जागच्या जागी होता! माझा जीव असा भांड्यात पडला की मी तिथंच फरशीवर बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता रडायला.

"आता काय झालं?" आप्पांनी वळून विचारलं.

"आप्पा, गिरणी."

"काय गिरणी?"

"तुम्ही गिरणीच्या सुरात गाता."

त्यांना पटायला वेळ लागला. मला मात्र एकेक गोष्ट आठवत गेली. एसटीत, ट्रॅक्टरवर गुणगुणणं. आणि मंडळातल्या पेटीवाल्या मामांची कायमची तक्रार, "तुमची पट्टी माझ्या पेटीत न्हाई बघा. काळीच्या अन् पांढरीच्या मधात कुठं तरी हाय." सगळं मंडळ हसायचं, आप्पाही हसायचे. देवळात पेटी असते, मागं ओढणारे असतात, काही ना काही धरता येतं, म्हणून जमून जायचं. पण त्यांची पट्टी मुळात इथली, या मोटरची. उभ्या जन्मात या घरात ते गिरणी बंद असताना गायलेच नव्हते. आणि मी शहाणी, तीच बंद करून बसले होते.

मग नव्या डिस्कनं केलं ते काम. आधी माईक पुढच्या खोलीत नेला आणि नुसती गिरणी रेकॉर्ड केली, बराच वेळ. आईला वाटलं मला खरंच काही तरी झालंय. "आता गिरणी गाती का?" म्हणाली. मग तिला म्हटलं, जेवढी दळणं राहिलीत तेवढी दळून घे आणि मग बंद कर. सगळं शांत झाल्यावर आप्पांच्या कानाला हेडफोन लावले आणि त्यात गिरणी सोडली. आप्पा दचकले. एक कान मोकळा करून बघितलं, गिरणी तर बंद. "आयला," म्हणाले. मग डोळे मिटले.

एकीकडं गिरणी वाजवायची आणि दुसरीकडं आप्पांचा आवाज उतरवून घ्यायचा, जुन्या डिस्कनं पहिल्याच मिनिटाला मान टाकली असती. ही हलकी काही बोललीच नाही. मुकाट घेत राहिली. खोलीत फक्त आप्पांचा आवाज, गिरणी त्यांच्या कानात. मधे चहा झाला, जेवण झालं, पुन्हा बसले. काही चाली मी लहानपणी ऐकलेल्या, विसरून गेलेल्या. काही कधीच ऐकलेल्या नव्हत्या. एका चालीच्या वेळी आई स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली आणि ती संपेपर्यंत हलली नाही. मी तिच्याकडं बघितलं नाही, माझंच मला सांभाळवत नव्हतं.

संध्याकाळी शेवटची चाल. आप्पा दमले होते. तिसऱ्या कडव्यात घोटाळा झाला, पुढची ओळ आधी गेली. "चुकलं. परत घेऊ," म्हणाले. सुरुवात केली, पण ठसका लागला, आणि थांबेना. पाणी दिलं. मग ते हेडफोन काढून माझ्या हातात देत म्हणाले, "राहू दे आता. आल्यावर घेऊ."

आल्यावर. मी वायर गुंडाळत राहिले.

रात्रीची बस पकडायच्या आधी, दुकानदारानं सांगितल्याप्रमाणं सगळं जुन्या डिस्कवरही उतरवून घेतलं. आणि सहज बघितलं, नवीवर किती जागा राहिली. एवढ्या सगळ्या चाली, एका माणसाचं अख्खं गाणं, आणि डिस्क अर्धीसुद्धा भरली नव्हती. बरं वाटायला पाहिजे होतं. ती रिकामी जागा बघवेना, लॅपटॉप फटकन मिटला.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधीच निघाली, आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. आवाजाचं डॉक्टर म्हणाले, नस वाचलीय पण तिला धक्का बसलाय, वेळ लागेल, जोर लावू नका. आप्पांच्या गळ्यातून हवाच जास्त यायची. ते खुणांनी बोलायचे, आई त्यांच्यावर पूर्वीपेक्षा जास्त ओरडायची, कारण उलट उत्तर येत नव्हतं म्हणून तिचंच मन लागत नव्हतं. गिरणी आईच चालवत होती. आप्पा तिकडं फिरकत नव्हते. पिठानं खोकला येईल म्हणायचे खुणेनं. माझ्या लॅपटॉपवर त्यांच्या चाली होत्या, आणि एवढा आटापिटा करून केलेल्या त्या मला लावून ऐकवेनात. आमचे हे एकदा म्हणाले, लाव की आप्पांचं एखादं. मी त्यांच्यावर अशी ओरडले की पुन्हा नाव काढलं नाही.

मग एके दिवशी, मधल्या सुट्टीत, आईच्या नंबरवरून फोन आला. मी उचलला. पलीकडं कोणी बोलेना. नुसती घुंऽऽऽ. "आई? आई, ऐकू येत नाही, गिरणीतून बाहेर ये."

घुंऽऽऽ.

आणि त्या घुंमध्ये एक बारीकसा आवाज. घोगरा, मधेच फाटणारा, पण पट्टीत. काळीच्या आणि पांढरीच्या मधल्या त्याच पट्टीत. ती राहिलेली शेवटची चाल. तिसरं कडवं, बरोबर ओळ बरोबर जागी. पोरं व्हरांड्यात गोंधळ घालत होती, मी एका कानात बोट घालून भिंतीला टेकले.

कडवं संपलं. खोकला आला, मग थांबला.

"आलं का ऐकू?"

"आलं आप्पा."

"बारीक झालाय आवाज."

"झालाय." मला खोटं बोलता येत नाही.

"पण बसतोय बराबर." मागं आई कोणाला तरी डबा देत होती. "रविवारी ये. ते चुकलेलं घेऊन टाकू. आन दोन नव्या हायत डोक्यात, इथं बसून बसून लावल्यात. त्या तुझ्या डबीत जागा हाय का पण? का भरली?"

"जागा हाय आप्पा," मी म्हटलं, आणि डोळे पुसले. "लई जागा हाय."